मोजलेली झुरळं

आमच्या घरात सध्या तीनशेच्या आसपास झुरळं आहेत. तशी ती तुमच्याही घरात असतील. फरक एवढाच, की आमची मोजलेली आहेत आणि मुद्दाम पाळलेली आहेत.

ही बातमी आष्ट्यात फुटल्यापासून मला एस. टी. स्टँडवरून धड घरी येता येत नाही. "काय मास्तर, झुरळं पाळल्यात म्हणं तुमी? दूध किती देत्यात?" असं निदान चौघं तरी विचारतात.

तर ऐका. धाकट्या चिरंजीवांनी सांगलीहून अरोवाना मासा आणला. चंदेरी, तलवारीच्या पात्यासारखा. तेव्हा हीच मंडळी चपला काढून दर्शनाला आली होती. "हा मासा घरात असला की लक्ष्मी येते," म्हणाली. येत असेल. पण लक्ष्मीच्या आधी माशाला भूक येते, हे कुणी बोललं नाही. प्राणी ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथं पाण्याबाहेर उडी मारून फांदीवरचे किडे टिपणारा. त्याला आपली साबुदाण्याची खिचडी कशी चालावी?

मग स्वयंपाकघरातलीच झुरळं का नकोत? कारण त्यांना आपण आधीच फवारा आणि विषारी खडू चारलेला असतो. ते पोटात गेलं की मासाही उताणा. शिवाय गटारातले जंतू. पण मी म्हणतो, गटार कुणाचं? झुरळाचं की आपलं?

म्हणून ही डुबिया नावाची दक्षिण अमेरिकेतली जात. हिला गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढता येत नाही. नर पंख असून नुसता फडफडतो आणि मादीला पंखांचे तुकडेच. ती अंडी पोटातच उबवते आणि एका वेळी २० ते ३० पिल्लं देते. बिऱ्हाड साधं: एक खोल प्लॅस्टिकची पेटी, झाकणाला बारीक जाळी, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले. जेवायला कोंबडीचं कोरडं खाद्य आणि गाजर. पाण्याची वाटी ठेवायची नाही, पिल्लं बुडून मरतात. गाजरातच पाणी. उरलेलं गाजर बुरशी येण्याआधी काढायचं. ऊब ३० अंशांची. उन्हाळ्यात ती आष्ट्यात फुकट मिळते. थंडीत मात्र पेटीला बल्ब आणि आम्हाला वाकळ.

आणि पहिले पाच-सहा महिने त्यांतलं एकही माशाला घालायचं नाही. पिल्लू मोठं व्हायलाच चार-पाच महिने लागतात. बेणं खाल्लं तर ऊस कुठला, हे उसाच्या मुलखात मी कुणाला सांगायला नको.

धोका नाही असं मी म्हणत नाही. त्यांच्या लेंड्यांची आणि कातीची धूळ नाकात गेली तर शिंका येतात, दमेकऱ्याला त्रास होतो. म्हणून पेटी परसातल्या खोलीत, आणि साफ करताना तोंडाला फडकं. आणि कंटाळा आला म्हणून ती शेतात सोडायची नाहीत. परका किडा, आपलं हवामान त्याला मानवेल, हेच भय.

पण "शी, किळस!" हा मुद्दा मी मानत नाही. रविवारी कोंबडीच्या दुकानात पाठ फिरवून उभं राहायचं आणि घरी येऊन रस्सा भुरकायचा, ही आपली जात! आपल्याला शोभा हवी, तिचं ताट नजरेला नको. आमच्या चिरंजीवांना ते ताट रोज दिसतं. ज्याला आपण पाळलं त्याच्या पोटाचंही बघायचं, एवढं तो त्या पेटीपाशी शिकला. मी छड्या मारून इतकं शिकवू शकलो नव्हतो.

परवा शेजारचे दुकानदार आले. "मास्तर, गल्ल्याजवळ असला मासा ठेवावा म्हणतो." मी म्हटलं, "जरूर. सोबत ५० झुरळं फुकट देतो."

आता त्यांच्या गल्ल्यावर मासा आहे. कॅलेंडरवरचा. त्याला काही खायला लागत नाही.