प्रहाराइतकाच पुरावाही हवा

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीत पावसाळ्यात पाणी चढते, दत्तमंदिरात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडते. भाविक तेथे श्रद्धेने स्नान करतात. मात्र पाणी आणखी वाढू लागले की उत्सवमूर्ती वेळीच सुरक्षित स्थळी नेली जाते. संकट येण्यापूर्वीच कोणी काय करायचे, हे वाडीत ठरलेले असते. पूर निसर्गाचा असतो. दहशतवादी हल्ला हे शत्रूने आखलेले कारस्थान असते. मग त्याबाबत राष्ट्राची कर्तव्ये किती काटेकोरपणे ठरलेली असावीत?

पहिले कर्तव्य प्रतिकाराचे. 22 एप्रिल 2025 रोजी पहलगाम येथे 26 निरपराधांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्राचे सहा सुपुत्र होते. 7 मे रोजी भारताने पाकिस्तान व पाकव्याप्त काश्मीरमधील नऊ दहशतवादी तळांवर प्रहार केला. आश्रयदात्यालाही किंमत मोजावी लागेल, हा संदेश आवश्यकच होता.

परंतु केवळ प्रहाराने कर्तव्य संपत नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत कसाबला जिवंत पकडून दिले. त्या बलिदानामुळेच पाकिस्तानचा हात जगासमोर उघडा पडला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुरावा टिकला आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी कसाब फासावर गेला.

याच्या अगदी उलट चित्र 11 जुलै 2006 च्या लोकल बॉम्बस्फोटांचे. सात स्फोटांत 180 हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले. 21 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष मुक्त केले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल अन्य खटल्यांत दाखला मानू नये, असे सांगितले. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही. तपास कच्चा राहिला असेल तर खरे गुन्हेगार मोकळे राहिले आणि निरपराधांची वर्षे तुरुंगात गेली. दोन्हींत लाभ शत्रूचाच. आपले माणूस गमावलेल्या कुटुंबांना एकोणीस वर्षांनंतरही 'हे कोणी केले?' याचे उत्तर मिळू नये, याहून मोठी विटंबना कोणती?

राज्यकर्त्यांच्या उत्तरदायित्वाचेही तसेच. 26/11 नंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि गृहमंत्री आर. आर. पाटील पायउतार झाले. पुढच्याच वर्षी तेच गृहखाते पुन्हा पाटील यांच्याकडे आले. राम प्रधान समितीने सुरक्षायंत्रणेतील उणिवा दाखवल्या. राजीनामा हे प्रायश्चित्त असेल. पण उणीव दूर करणे हेच खरे उत्तरदायित्व होय.

शत्रूला शासन, तपासात सचोटी आणि चुकलेल्या अधिकाऱ्याला जाब या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच राष्ट्राचा क्रोध न्याय्य ठरतो. पाणी ओसरल्यावर वाडी मंदिरातला गाळ स्वतःच्या हातांनी उपसते. राष्ट्रानेही आपल्या यंत्रणेतला गाळ उपसायला हवा, आणि तोही पुढचा पूर येण्याआधी.