झेरॉक्समध्ये सगळे संडास करडे

घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका वस्तीत आम्ही संडासांचा नकाशा केला होता. बायका गल्लीगल्लीतून फिरल्या. चालू संडास हिरवे, बंद पडलेले लाल, दार किंवा दिवा नसलेले केशरी. मोठ्या कागदावर तो इतका ठसठशीत दिसत होता की आम्हीच खूष. मग निवेदनाला जोडायला झेरॉक्स काढल्या, पैसे वाचवायला अर्थातच काळ्यापांढऱ्या. वॉर्ड ऑफिसातल्या साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "एवढे संडास आहेत की तुमच्याकडे! मग तक्रार कसली?" सगळे ठिपके सारखेच करडे होते. साहेबांवर रागावायची सोय नव्हती. चूक आमची होती.

त्या संध्याकाळच्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "मला तर मूळ कागदावरही बल्बखाली लाल न् केशरी एकच दिसत होतं. पण तुम्ही शिकलेल्या. म्हटलं, माझीच नजर अधू." हे वाक्य मला अजून टोचतं. नकाशा त्यांच्या वस्तीचा, माहिती त्यांनी गोळा केलेली, आणि वाचता येईना तेव्हा दोष स्वतःकडे घेतला.

'रंग कसले बघत बसता, लढ्याचं बघा,' असं काही मैत्रिणी म्हणतात. पण नकाशा हाच जिथे पुरावा असतो, तिथे त्याची सूची वाचता येणं हा लढ्याचाच भाग आहे. लाल-हिरवा ही जोडी आपण सिग्नलच्या सवयीने घेतो. ती न ओळखता येण्याचा दोष बहुधा आनुवंशिक असतो आणि त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. म्हणून तो पुरुषांत जास्त आढळतो. बायका बहुतेकदा नुसत्या वाहक. म्हणजे टेबलापलीकडच्या साहेबालाच आपला नकाशा न कळण्याची शक्यता अधिक!

मुंबईच्या विकास आराखड्याचंच घ्या. त्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, चुकांवरून गदारोळ झाला, एप्रिलमध्ये तो नव्याने तपासायचा आदेश निघाला, २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला आणि २०१८ मध्ये आराखडा लागू झाला. तो २०३४ पर्यंतचा आहे. पाळणाघरं, नोकरदार बायकांची वसतिगृहं, संडास यांसाठी स्त्री संघटनांनी त्यात हस्तक्षेप केला. पण असे नकाशे वाचायचे कुणी? रूढ पद्धतीत निवासी भाग पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा, मोकळ्या जागा हिरव्या. त्यांवर आरक्षणाच्या खुणा, त्याही आरओएस, आरई अशा रोमन अक्षरांत. मुलुंडच्या बाईने आपली गल्ली शोधायची, मग रंग सूचीशी ताडून पाहायचा, मग खूण उलगडायची, आणि हे सगळं हरकतींची मुदत संपायच्या आत. फिकट पिवळा आणि फिकट हिरवा झेरॉक्समध्ये एकच होतात. बागेची जागा आणि इमारतीची जागा यांतला फरक तिथेच पुसला जातो.

रंग निरागस नसतात, हेही आहेच. एकोणिसाव्या शतकाअखेर चार्ल्स बूथने लंडनच्या गरिबीचे नकाशे केले. त्यात श्रीमंतांच्या रस्त्यांना पिवळा दिला आणि सगळ्यात गरिबांना काळा. त्यांना गुन्हेगारही ठरवून टाकलं. त्याच धर्तीवर शिकागोत फ्लॉरेन्स केली आणि हल हाउसमधल्या बायकांनी मजुरीचे रंगीत नकाशे केले, ते १८९५ साली छापले गेले. पद्धत उचलली, पण राहत होत्या त्याच वस्तीत.

अलीकडे अमेरिकेतल्या सिंथिया ब्रूअर या भूगोल-प्राध्यापक बाईंनी नकाशांच्या रंगसंगतींची एक मोफत यादीच करून ठेवली आहे. कोणती संगती रंगांध माणसाला कळेल, कोणती झेरॉक्समध्ये टिकेल, हे तीत नोंदलेलं असतं. म्हणजे हा प्रश्न फक्त आमचा नव्हता. पालिकेने प्रत्येक वॉर्डाचा नकाशा काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्येही वाचता येईल असा आणि मराठी खुणांसह द्यावा, ही मागणी अंधेरी-बोरिवलीच्या गटांनीही आपापल्या निवेदनात घालावी. सूचीत पाच-सहापेक्षा जास्त रंग नकोत, आणि जमेल तिथे नाव जागेवरच लिहावं. सूचीकडे मान वळवायला लागूच नये.

आम्ही नकाशा पुन्हा केला. रंग आहेतच, पण गडद-फिका फरक ठेवून. शिवाय चालू संडासाला भरीव गोल, दिवा-दार नसलेल्याला पोकळ, बंदला फुली. कागद छापण्याआधी झेरॉक्स काढून मावशींच्या हातात दिला, त्याच बल्बखाली. मग वॉर्ड ऑफिसात गेलो. साहेबांनी या वेळी बोटाने फुल्या मोजल्या. अकरा. त्यांतले तीन संडास दुरुस्त झाले. आठ फुल्या अजून नकाशावर आहेत.