कैदी फिरवणारा चरक

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या क्रॉफर्ड्सव्हिल गावी १८८२ साली तयार झालेला काउंटीचा तुरुंग बाहेरून एखाद्या खात्यापित्या माणसाच्या घरासारखा दिसतो. पुढे शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, बायकामुलांसह राहायचा, मागे कैदी. ग्रामीण काउंट्यांत ही रीतच होती. कैद्यांचा स्वयंपाकही बहुधा शेरीफच्या बायकोच्याच गळ्यात.

या तुरुंगाची करामत आत होती. लोखंडाचे दोन मजली अजस्र पिंप, त्यात मजल्यागणिक आठ पाचरीच्या आकाराच्या कोठड्या आणि बाहेरच्या जाळीला मजल्यामागे एकच दार. जेलरने दांडा फिरवला की अख्खे पिंप गरगरे आणि हवी ती कोठडी दारापुढे येई. इंडियानापोलिसच्या ब्राउन आणि हॉ या दोघांनी १८८१ साली त्याचे पेटंट घेतले. हेतूही त्यात नोंदवून ठेवला : जेलरचा आणि कैद्याचा प्रत्यक्ष संबंधच येऊ नये.

संबंध टळला, हातपाय मात्र सापडू लागले. गजांबाहेर राहिलेला हात उसाच्या चरकात जावा तसा चिरडला जाई. आग लागली असती तर एका वेळी मजल्यामागे एकच कोठडी रिकामी करता आली असती. अखेर पिंप जागच्या जागी जखडावे लागले. तरीही तुरुंग १९७३ पर्यंत चालला. आता तिथे संग्रहालय आहे.

म्हणून या फिरत्या पिंपाआधीचे घरगुती तुरुंग मायेचे होते, असे मात्र नव्हे. अनेक ठिकाणी शेरीफला कैद्यांच्या जेवणाचे पैसे डोईमागे मिळत आणि उरलेले त्याच्याच खिशात जात. आमटी जितकी पातळ, तितका खिसा जड. अलाबामात हा प्रकार एकविसाव्या शतकातही चालू होता.

फिरत्या तुरुंगाचे यंत्र मोडीत निघाले. हेतू मात्र शाबूत आहे. आज अमेरिकेतल्या कितीतरी काउंटी तुरुंगांत भेटीला आलेल्या आईला मुलगा दिसतो तो पडद्यावर. काउंटी तुरुंगांतल्या बहुतेकांचा गुन्हा तर अजून शाबीतही झालेला नसतो. क्रॉफर्ड्सव्हिलचे पिंप थांबले, कारण मोडलेले हाड सर्वांना दिसत होते. पडद्यासमोर बसलेल्या त्या आईचे काय मोडते, ते कोणत्या एक्स-रेत दिसणार?