धरणाकाठी मुक्कामाला जाताना

थंडी पडली, तुरीच्या शेंगा भरल्या की आमच्या बोरी अरबला घरोघरी एकच विषय निघतो : यंदा रोडगे कुठे करायचे? आमच्या वऱ्हाडाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, जाडसर कणीक, तेलाचं मोहन, ओवा, मीठ घालून घट्ट भिजवायची, लाटीवर लाटी गुंडाळून गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा. मग राख झटकून, फोडून, तुपात बुडवून तुरीचं वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. घरच्या गॅसवर ही गंमत नाही. त्याला मोकळं रान लागतं आणि जवळ पाणी लागतं.

गावाजवळ आमची अडाण नदी आहे, पण थंडी सरली की तिचं पाणी आटत जातं. मग पाण्याच्या ओढीने माणसं धरणाकडे वळतात. यवतमाळ जिल्ह्यात कुणी गोखीला जातं, कुणी दिग्रसजवळ अरुणावतीला, पुसदकडची मंडळी पूस नाहीतर ईसापूरला. ईसापूरला हिवाळ्यात बाहेरून पक्षी येतात, ते पाहायलाही लोक जातात. पूर्वी सकाळी जाऊन दिवेलागणीला परत यायचं. आता मुलांनी मोबाईलवर तंबू पाहिलेले असतात, त्यामुळे 'आई, रात्री तिथेच राहू ना' हे पालुपद सुरू होतं. राहावं, बरं का. वर्षातून एक रात्र छपराशिवाय झोपलं तर काही बिघडत नाही, आणि ते चांदणं आपल्याही वाट्याला यायला हवं.

पण तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे जे झालं ते सांगितल्याशिवाय पुढची यादी मला लिहवत नाही.

आम्ही चौदा माणसं होतो. बायका आराशी. रोडगे सारखे फिरवावे लागतात, नाहीतर एका बाजूने करपतात. पुरुष मंडळी झाडाखाली रमी खेळत होती. मुलं काठावर चपटे दगड पाण्यावर उडवत होती. सासूबाईंनी सहज विचारलं, "सोनी कुठी आहे वं?" सोनी म्हणजे माझ्या धाकट्या जावेची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. जाऊ म्हणाली, तिच्या बाबांजवळ असेल. भाऊजी म्हणाले, आईजवळ आहे ना!

ती चाळीस पावलांवर होती. मांड्यांपर्यंत गाळात, छातीपर्यंत पाण्यात, दोन्ही हात वर. ओरडत नव्हती. नुसती आमच्याकडे पाहत होती. हे धावले, आणि दहा पावलांत स्वतःच गुडघ्यापर्यंत रुतले. शेजारी गाळपेरीच्या हरभऱ्यावर राखणीला एक म्हातारे होते, ते ओरडले, "उभं नका राहू, आडवे व्हा!" त्यांनी झोपडीतली बाज ओढत आणली, गाळावर आडवी टाकली, तिच्यावर पालथं पडून पोरीच्या काखेत हात घातले आणि हळूहळू, हलवत हलवत तिला बाहेर काढलं. एक चप्पल आतच राहिली. रोडग्यांचा कोळसा झाला.

त्यानंतरचं बोलणं मला जास्त लागलं. सगळे एकच म्हणाले, "आईचं लक्ष नको का?" पत्ते खेळणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. जाऊ दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी तिच्या शेजारीच बसून रोडगे फिरवत होते, तरी तेव्हा तिच्या बाजूने एक शब्द बोलले नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

आता त्या म्हाताऱ्यांनी समजावलेलं सांगते. धरण म्हणजे घाट नव्हे. घाटाला पायऱ्या असतात, खोली अंदाजाने कळते. धरणाच्या पोटात जुन्या नाल्याचं पात्र असतं, बुडालेल्या शेतातल्या विहिरी असतात, भिंतीसाठी माती काढलेले खड्डे असतात. पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढचं पाऊल डोक्यावर जातं. पाणी जसं मागे हटतं तसा काळा गाळ उघडा पडतो. वर वाळून भेगा पडतात, आत मात्र लोण्यासारखा. पाय रुतला की उपसायला जाऊ नये, अजून खाली जातो. अंग आडवं टाकावं, भार पसरावा. काढणाऱ्यानेही पाण्यात उडी घ्यायची नाही. दोर, साडी, झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे हाती येईल ते फेकायचं.

आणि बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हाका मारत नाही. श्वास घेता घेताच त्याची पुरेवाट होते, ओरडायचं कशाने? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं असले प्रकार करू नका, त्यात वेळ जातो. लगेच तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची, आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला लावायचं. हे कागदावर वाचून येत नाही. शाळेत आरोग्य विभागाची माणसं येतात तेव्हा मागे लागून शिकून घ्या.

आमच्याकडे आता राखणीची पाळी असते. अर्ध्या अर्ध्या तासाची, बायका-पुरुष सगळ्यांची. पाळी असेल त्याच्या गळ्यात लाल रुमाल. रुमालवाल्याने पत्ते, मोबाईल, आर, कशालाही हात लावायचा नाही, नुसतं पाण्याकडे पाहायचं. पहिल्या वर्षी भाऊजी हसले होते. कणीक आणि वांग्याचा मसाला मी घरूनच तयार नेते, आर पुरुष लावतात. रोडगे थोडे वेडेवाकडे होतात, होऊ देत.

रात्रीचं थोडक्यात. मुक्कामाला धरणाच्या चौकीदाराला आधी विचारा. तंबू पाण्यापासून लांब आणि उंचावर. पिण्याचं पाणी घरचं. पौषात पहाटे हाडं गोठतात, तरी शेगडी तंबूच्या आत घेऊ नका, बंद जागेत कोळशाचा वायू झोपेतच जीव घेतो. सकाळी चपला झटकून घाला, विंचू असतात. आणि बायकांसाठी चार काठ्या, दोन जुनी लुगडी घेऊन आडोसा उभा करा. ही गोष्ट कुणी पुरुष आठवणीने नेत नाही.

मागच्या महिन्यात मी माझ्या वर्गात विचारलं, पोहता कुणाला येतं? नदीच्या गावची शाळा, ३८ मुली, तीन हात वर आले. सोनी आता नऊ वर्षांची आहे. या सुटीत तिला यवतमाळला मामाकडे पोहणं शिकायला पाठवायचं ठरलंय. जाऊ म्हणते, मीपण उतरते तिच्यासोबत. सासूबाई नको म्हणाल्या नाहीत. पाण्यात साडी कशी सांभाळशील, एवढंच त्यांनी विचारलं.