सृष्टींतील बहुरूपी

सह्याद्रीच्या दाट रानांत कॅलिमा नांवाचें एक फुलपांखरूं आढळतें. पंख उघडले म्हणजे तें निळें दिसतें. मिटले कीं एक वाळलें पान! याच्या सुमात्रा बेटांतील भावंडानें आल्फ्रेड वॉलेस या सृष्टिशास्त्रज्ञास १८६१-६२ च्या सुमारास चांगलेंच चकविलें होतें. जांभळ्या पंखांवरील नारिंगी पट्टा मिरवीत तें उडे, सुक्या पानांच्या झुडपांत शिरे, आणि तेथेंच नाहींसें होई. वॉलेस कितीही जपून जवळ गेले तरी तें एकाएकीं उडून पुढच्या झुडपांत पुन्हा तोच खेळ करी. शेवटीं तें बसलें ती जागा त्यांनीं नेमकी हेरली, तरी कांहीं वेळ दिसेना. आणि मग कळलें कीं, तें अगदीं डोळ्यांसमोरच आहे.

पंखांचें वरचें टोंक तें पानाचें अग्र. खालचें शेपूट डहाळीस टेकलें कीं तोच देठ. मधून गेलेली काळसर रेघ ती शीर. बुरशीचे ठिपकेदेखील हुबेहूब! शिवाय कोणत्याही दोघांचे पंख तंतोतंत सारखे नसतात. आपल्याकडील बहुरूपी सोंगाबरोबर चालही बदलतो, तसेंच येथें आहे. हें फुलपांखरूं वाळक्या पानांतच बसतें, डोकें व मिशा पंखांआड घेतें आणि निश्चळ राहतें. हिरव्यागार पालवीवर बसतें तर एवढी नक्षी असूनही पांखराच्या चोंचींतून सुटणें कठीणच होतें. पाठलाग करणारा पक्षी तर भडक रंग शोधीत येतो, आणि तो रंगच मिटलेला असतो.

आमच्या चिकित्सक वाचकांस येथें एक शंका येईल: पान पुरतें साधण्यापूर्वीं अर्धवट पानाचा उपयोग काय? मायव्हर्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८७१ सालीं डार्विनपुढें अशाच जातीचा आक्षेप ठेवला होता, आणि तो पोरकट खास नव्हता. आम्हांस वाटतें, दुरून किंवा अंधुक उजेडांत पाहणाऱ्या पक्ष्याची दहांतून एकदां जरी फसगत झाली, तरी तेवढ्यानें एक जीव वांचतो व त्याची संतति वाढते. २०१४ सालीं जपानी संशोधकांनीं कॅलिमाच्या अनेक आप्तजातींच्या पंखांवरील रेघा ताडून पाहिल्या. पानाच्या शिरेचा तो देखावा एका उडींत आलेला नसून मधल्या पायऱ्यांनीं हळूहळू घडत आला, असें त्यांस आढळून आलें.