संयोजकाचं नाव छापा

मोझार्टच्या ‘डी एंटफ्यूरुंग आउस डेम सेराई’ या ऑपेराचा पहिला प्रयोग १६ जुलै १७८२ रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये झाला. चारच दिवसांनी त्याने साल्झबुर्गला वडिलांना पत्र लिहिलं. हा सगळा ऑपेरा फुंकवाद्यांच्या ताफ्यासाठी थोड्याच दिवसांत बसवायचा आहे, नाहीतर दुसराच कुणी आधी बसवेल आणि पैसे घेऊन जाईल, ही घाई त्या पत्रात आहे. शिवाय हे काम किती कठीण आहे, याची तुम्हाला कल्पना येणार नाही, असंही तो सांगतो: फुंकवाद्यांना शोभेल असं लिहायचं आणि मूळ परिणाम तसूभरही कमी होऊ द्यायचा नाही. ऑपेराचं लहान ताफ्यासाठी केलेलं संयोजन म्हणजे स्वस्तातली नक्कल, असं समजणारे रसिक आणि समीक्षक आजही आहेत. ते चुकतात. चांगलं संयोजन हे स्वतंत्र रचनाकर्म आहे आणि ते करणाऱ्याला रचनाकाराचा मान मिळायला हवा.

त्याच वर्षी सम्राट दुसरा जोसेफ याने दरबारी ताफा उभा केला: दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बासून. त्यातला ओबोवादक योहान वेंट याने मोझार्टच्या ‘फिगारो’सह कितीतरी ऑपेरा या आठ वाद्यांवर आणले. या कामात नुसती उतरवून काढण्याची मेहनत नसते. व्हायोलिनला श्वास घ्यावा लागत नाही, ओबो वाजवणाऱ्याला लागतो. म्हणून व्हायोलिनची लांबलचक धावती तान दोन वादकांत अशी वाटावी लागते की, सांधा ऐकू येऊ नये. तेव्हाच्या हॉर्नला झडपा नव्हत्या. ज्या स्वरपट्टीचा हॉर्न, तिचे नैसर्गिक स्वर तेवढे सहज निघत, म्हणजे अनेकदा पट्टीच बदलावी लागे. ‘फिगारो’च्या दुसऱ्या अंकाचा शेवट घ्या. नवरा-बायकोच्या भांडणाने तो सुरू होतो आणि सात पात्रं एकाच वेळी गात असताना संपतो, प्रत्येकाचा हेतू वेगळा, खाली पूर्ण वाद्यवृंद. असा प्रसंग आठ वाद्यांवर आणायचा, तर कुठला आवाज राखायचा आणि कुठला सोडायचा, हे मात्रेमात्रेला ठरवावं लागतं. नाट्य नेमकं कशात आहे हे कळल्याशिवाय हे निर्णय घेता येत नाहीत. वाद्यवृंदाच्या दाट ध्वनीत दडून राहिलेली मधली स्वरावली अशा संयोजनात लख्ख ऐकू येते, ती या निर्णयांमुळे.

शब्द गेले, मग ऑपेरा कुठे उरला, हा आक्षेप वजनदार आहे. अनोळखी ऑपेराच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. पण १७८७ च्या ‘डॉन जोव्हान्नी’त मोझार्टने त्याला रंगमंचावरच उत्तर दिलं. शेवटच्या मेजवानीत फुंकवाद्यांचा ताफा मार्टिन इ सोलेर आणि सार्टी यांच्या ऑपेरांतल्या चाली वाजवतो, मग मोझार्टच्याच ‘फिगारो’तली एक चाल येते आणि ही तर फारच परिचयाची, असं नोकर लेपोरेल्लो म्हणतो. श्रोत्यांना शब्द आठवत असणार हे गृहीत धरूनच हा प्रसंग लिहिला आहे. हार्मोनियमवर वाजणाऱ्या नाट्यपदात शब्द ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला याहून अधिक समजवायची गरज नाही.

वाग्नरचं काय, असं पुढे विचारलं जातं, कारण तिथे वाद्यवृंदाचा रंग हाच आशय असतो. शंभरच्या आसपास वादक मागणारी त्याची ‘रिंग’ जोनाथन डव्ह यांनी १९९० मध्ये बर्मिंगहॅमच्या फिरत्या ऑपेरा कंपनीसाठी संक्षिप्त करून १८ वादकांवर आणली. पीटर ब्रूक यांनी १९८१ मध्ये पॅरिसमध्ये मारियस कॉन्स्टंट यांच्या संयोजनासह ‘कार्मेन’ मोजक्या गायक-वादकांत केलं आणि त्याची शोकांतिका अधिक धारदार झाली. भव्यता गेली, हे मान्य. पण अशा संयोजनांशिवाय ऑपेराचं मोठं नाट्यगृह नसलेल्या गावी या कृती कधी पोहोचल्याच नसत्या, हेही मान्य करायला हवं. सगळीच संयोजनं चांगली असतात असं नाही. लोकप्रिय चाली एकामागून एक ओवलेल्या माळा ढिगाने निघाल्या, त्यांत नाट्याचा मागमूस नसतो. वाईट कादंबऱ्या निघतात म्हणून कोणी कादंबरीलाच हीन ठरवत नाही.

पैशांचा आक्षेपही जुनाच आहे. मोझार्टच्या पत्रातली भीती खरी होती, कारण संगीतकाराला न विचारता त्याची कृती बसवून विकायला तेव्हा व्हिएन्नात कायद्याची आडकाठी नव्हती. हा अन्याय होता. त्यावरचा उपाय हक्क आणि श्रेय स्पष्ट करणं हा आहे, कलेला कमी लेखणं हा नव्हे. ती स्पष्टता आजही अपुरी आहे. अशा मैफलींच्या जाहिरातीत ‘मोझार्ट’ ठळक असतो आणि संयोजक असलाच तर आतल्या पानावर, बारीक टाइपात. आयोजकांनी आणि ध्वनिमुद्रण काढणाऱ्यांनी दोन्ही नावं शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरांत छापावीत. रसिकांनीही तिकीट काढताना संयोजन कुणाचं आहे, हे विचारावं.