बालवाडीचे फलित कसे जोखावे?

मुंबई कायदेमंडळात १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणावरील खर्चासंबंधी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, असे त्यांनी दाखवून दिले. शाळा किती उघडल्या यापेक्षा मुले किती टिकली हे विचारावे, ही शिकवण आपणांस तेथून मिळाली. आपल्या निवासी शाळेला जोडून वस्तीतील तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाची बालवाडी असावी, असा विचार आज पुढे येत आहे. त्याचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु तिच्या अभ्यासक्रमाने मूल पहिलीसाठी खरोखर तयार होते का, हे कळण्याची सोयही आरंभापासून असावी, असे आमचे मत आहे.

शाळेची तयारी म्हणजे मुळाक्षरे आणि शंभरपर्यंतचे अंक पाठ असणे, असा समज घरोघरी आहे. ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता येणे, दोन सूचना लक्षात ठेवून तसे वागणे, दहा खड्यांतून पाच मोजून देणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, ही खरी तयारी होय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आरंभिलेले व पुढे कोसबाडला नेलेले कार्य याच दिशेचे होते.

मोजमाप मात्र दिसते तितके सोपे नाही. एप्रिलमध्ये न जमलेली गोष्ट मुलाला जूनमध्ये जमली, तर त्यात शिकवण्याचा वाटा किती आणि वाढत्या वयाचा किती? तुलनेवाचून याचे उत्तर मिळत नाही. तामिळनाडूत ६४० अंगणवाड्यांपैकी सोडतीने निवडलेल्या निम्म्या अंगणवाड्यांना बालशिक्षणासाठी एक जादा कार्यकर्ती दिली गेली. अठरा महिन्यांनंतर तेथील मुले भाषेत व गणितात इतरांच्या पुढे होती. दिल्लीतील १,५४० बालकांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. चार महिने गणिताचे खेळ खेळलेल्या मुलांची संख्या व आकार यांची सहजजाण वर्षभरानंतरही टिकून होती. पण शाळेतील गणितात ती इतरांच्या पुढे गेली नाहीत. बालवाडीने दिलेले पहिलीच्या वर्गाने उचलून धरले नाही, तर कमाई वाया जाते, हाच बोध आम्ही यातून घेतो.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात. त्यात न्याय आहे, आणि प्रवेश मिळालेल्या व न मिळालेल्या मुलांची प्रामाणिक तुलनाही शक्य होते. एरवी जागरूक पालकांचीच मुले आत येतील आणि त्यांचे श्रेय आपण अभ्यासक्रमाला देऊन मोकळे होऊ. दुसरी सूचना अशी की, दोन्ही गटांतील मुलांची नोंद बालवाडीच्या शिक्षिकेखेरीज अन्य कोणी घ्यावी आणि ती तिसरीपर्यंत चालू ठेवावी. तिसरी म्हणजे, निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो पालकसभेत वाचून दाखवावा.

एवढ्या लहान मुलांची परीक्षा कशाला, असे कोणी विचारील. परीक्षा मुलांची नव्हे, आपली आहे. या नोंदींवरून एकाही मुलाचा पहिलीतील प्रवेश अडता कामा नये.

परंपरेने चालत आले किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका, ते हिताचे आहे का हे स्वतः पारखा, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. धम्माला आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो: या आणि पाहा. धम्माच्या नावाने चालणाऱ्या शाळेने आपल्या कार्याकडेही त्याच डोळसपणे पाहावे. माजी विद्यार्थी बालवाडीसाठी दान देतील, याविषयी आम्हांस शंका नाही. त्या दानाचा एक लहान वाटा या पडताळणीसाठी राखून ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.